पळसगावचा वीर यशवंत घाडगे आणि आमच्या शाळेचा फलक



यंदा आपल्या शाळेने एक चांगले काम हाती घेतले आहे. लढाईच्या काळात सैन्यात असलेल्या आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची नावे एका फलकावर लिहायची आणि तो फलक ऑफिसच्या दारावर लावायचा, असे ठरले. त्यासाठी गुरुजींनी जुनी जनरल रजिस्टरे कपाटातून खाली काढली. त्यांची पाने पिवळी पडली आहेत, जोराने उलटली की तुटतात. आम्ही सातवीची मुले गुरुजींच्या भोवती बसलो आणि एकेक नाव वाचत गेलो. मग वाडीवाडीत, घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारून आलो. कोणी १९६५ च्या लढाईत होते, कोणी १९७१ च्या, तर कोणी १९९९ साली कारगिलला. अशी नऊ नावे निघाली. त्यातले एक नाव माझ्या आबांचे, म्हणजे आजोबांचे आहे. त्याबद्दल मी शेवटी लिहिणार आहे.

त्याच वेळी गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाला एका वीराचे चरित्र लिहायला सांगितले. माझ्या वाट्याला यशवंत घाडगे आले. मला फार आनंद झाला, कारण त्यांचा पुतळा मी पाहिला आहे. रोह्याहून कोलाड, इंदापूर करीत माणगावला गेले की तहसील कचेरीसमोर तो पुतळा आहे. मी लहान असताना बाबांबरोबर तिथे गेले होते. बाबांचे कचेरीत दाखल्याचे काम होते आणि मी तेवढा वेळ पुतळ्यापाशी उभी होते. हे कोण, असे मी विचारले तेव्हा बाबा म्हणाले होते की हे आपल्याच जिल्ह्यातले, लांबच्या मुलखात लढून मेले. तेव्हा मला एवढेच कळले. आता मी पुष्कळ वाचले आहे, ते तुम्हांला सांगते.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव या गावी झाला. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा असे होते. १९८१ पासून त्याला रायगड हे नाव मिळाले. देशावर इंग्रजांचे राज्य होते. माणगाव, महाड, पोलादपूर हा डोंगराळ भाग. जमीन थोडी, पाऊस मोठा, आणि पीक भात-नाचणीचे. घरात चार भाऊ असले तर सगळ्यांना पुरेल एवढे पिकत नसे. म्हणून कोकणात घरातला एक मुंबईला गिरणीत जायचा आणि एक पलटणीत. महाड तालुक्यातल्या एका गावाचे तर नावच फौजी आंबवडे असे पडले आहे, कारण तिथे घरोघर सैनिक आहेत. पुन्हा शिवाजी महाराजांचा रायगड किल्ला याच भागात. त्या डोंगरांतल्या मुलांना लढाईच्या गोष्टी काही पुस्तकातून शिकाव्या लागत नसत.

यशवंत घाडगे मोठे झाल्यावर मराठा पलटणीत भरती झाले. ही पलटण फार जुनी आहे. तिची पहिली बटालियन १७६८ साली उभी राहिली. तिला जंगी पलटण म्हणतात. तिचे मुख्य ठाणे बेळगाव येथे आहे. कोकणातली, साताऱ्याकडची, कोल्हापूरकडची मुले तिथे जाऊन शिपाई होतात. त्या काळी या पलटणीला पाचवी मराठा लाइट इन्फंट्री असे म्हणत. घाडगे तिच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. पुढे त्यांना नाईक हा हुद्दा मिळाला. नाईक हा हवालदाराच्या खालोखाल असतो, त्याच्या बाहीवर दोन फिती असतात. आठ-दहा जणांची एक तुकडी त्याच्या हाताखाली असते. म्हणजे स्वतः लढायचे आणि त्या आठ-दहा जणांनाही सांभाळायचे, असे त्याचे काम. आपल्याकडे मॉनिटरला वर्ग सांभाळताना नाकी नऊ येतात, इथे तर गोळ्या सुटत असतात.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. इंग्रज सरकारने आपल्या पुढाऱ्यांना न विचारताच हिंदुस्थानही युद्धात उतरला आहे असे जाहीर करून टाकले. त्या युद्धात आपल्या देशातले सुमारे २५ लाख लोक सैन्यात होते. आफ्रिका, ब्रह्मदेश, इटली अशा ठिकाणी ते लढले. त्यांपैकी ८७ हजारांहून अधिक परत आले नाहीत. हा आकडा वाचून मी रोहे तालुक्यातली सगळी माणसे डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, तरी मला तो नीट कळेना.

इटली हा देश नकाशात बुटासारखा दिसतो. आधी तो जर्मनीच्या बाजूने लढत होता. सप्टेंबर १९४३ मध्ये त्याने शस्त्रे खाली ठेवली. पण जर्मन सैन्य तिथेच पाय रोवून बसले. एकेक डोंगर, एकेक नदी लढवीत ते मागे सरकत होते. दोस्त सैन्याने ४ जून १९४४ ला रोम शहर घेतले आणि ते उत्तरेकडे निघाले. ज्या टायबर नदीच्या काठी रोम आहे, तिच्या वरच्या खोऱ्यात आपली मराठा पलटण पोहोचली. ते खोरे कसे असेल, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले की आपल्या कुंडलिकेच्या दोन्ही अंगांना डोंगर आहेत ना, तसेच धर, फक्त भाताच्या ऐवजी द्राक्षे आणि ऑलिव्हची झाडे. डोंगरावर जो बसला असेल त्याला खालचा माणूस मुंगीसारखा दिसतो आणि खालच्याला वरचा दिसतच नाही. म्हणून अशा मुलखात वर चढणाऱ्याचे फार हाल होतात. आपण करवंदांना डोंगर चढतो तेव्हा वरून कोणी नुसता दगड सोडला तरी पळता भुई थोडी होते. इथे तर वर मशिनगन होती. मशिनगन म्हणजे एका मिनिटात शेकडो गोळ्या सोडणारी बंदूक.

१० जुलै १९४४ चा दिवस. आपल्याकडे तेव्हा लावणीची घाई चालू असणार. तिकडे मराठा पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या पक्क्या ठाण्यावर हल्ला केला. नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन पुढे होते. एवढ्यात अगदी जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला. बघता बघता तुकडीतले सगळे पडले. काही ठार झाले, काही जखमी झाले. उभे राहिले एकटे घाडगे.

अशा वेळी माणसाने काय करावे? आडवे पडून राहिले असते तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. मागून दुसरी तुकडी येईपर्यंत थांबले असते तरी चालले असते. पण समोरची मशिनगन चालू होती. ती चालू राहिली असती तर मागून येणारेही असेच पडले असते. आपल्या सोबत यायला आता कोणी उरले नाही, हे त्यांना दिसत होते. तरीही ते क्षणभरही न थांबता सरळ त्या मशिनगनच्या अंगावर धावून गेले. त्यांनी पहिल्यांदा हातबॉम्ब टाकला. त्याने मशिनगन बंद पडली आणि ती चालवणारा मेला. मग त्यांनी आणखी एकाला गोळी घातली. तेवढ्यात बंदुकीतल्या गोळ्या संपल्या. नव्या भरायला वेळ नव्हता. समोर अजून दोघे होते. घाडग्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दांडक्यासारखी चालवून त्या दोघांनाही ठार केले. ठाणे हाती आले. पण दूर लपलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या मारल्या. जे ठाणे त्यांनी एकट्याने जिंकले, त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. माझा चुलतभाऊ रोह्याच्या कारखान्यात लागला आहे, तोही २२ वर्षांचाच आहे. आई अजून त्याला रात्री उशीर झाला की दारात उभी राहून वाट बघते.

या पराक्रमाबद्दल यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक जाहीर झाले. इंग्रजांच्या सैन्यातले ते सर्वांत मोठे शौर्यपदक होते. ते १८५६ साली सुरू झाले, पण हिंदी शिपायांना ते १९११ पर्यंत मिळतच नसे. पदक सोन्याचे किंवा चांदीचे नसते, साध्या काशाचे असते. ते त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आले. घरचा माणूस गेला आणि हातात एवढासा तुकडा आला. तो हातात घेताना त्या माउलीला काय वाटले असेल, हे मी लिहायचा प्रयत्न केला, पण मला ते लिहिता आले नाही. तुम्हीच मनात आणा.

इटलीतल्या त्या युद्धात आपले ५० हजारांहून अधिक सैनिक होते. त्यांतले ५,७८२ तिथेच राहिले. त्या देशात एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी ६ आपल्या सैनिकांना मिळाले. त्यांत दुसरे एक मराठा वीर म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीपाशी त्यांनी आपल्या दोन जखमी सोबत्यांना भर माऱ्यातून एकेक करून नदीपलीकडे सुखरूप नेले आणि मग एकट्याने शत्रूची ठाणी बंद पाडली. ते मात्र जिवंत परत आले आणि १९८४ साली वारले.

यशवंत घाडगे यांची वेगळी अशी समाधी नाही. इटलीत कॅसिनो येथे एक मोठे स्मारक आहे. ज्यांच्या थडग्याचा पत्ता लागला नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिथे दगडावर कोरली आहेत. त्यांत त्यांचे नाव आहे. त्यांची तिसरी मराठा बटालियन १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली.

हे सगळे मी वर्गात वाचून दाखवले तेव्हा आमच्या वर्गात वाद झाला. एक मुलगा उठून म्हणाला की घाडगे शूर होते हे खरे, पण ते इंग्रजांच्या बाजूने लढले, मग त्यांचा मान आपण कशाला करायचा? त्याच वेळी आपल्याच जिल्ह्यातले, माथेरानचे भाई कोतवाल इंग्रजांविरुद्ध लढत होते आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर इंग्रज पोलिसांच्या गोळीने हुतात्मा झाले. दुसरी एक मुलगी म्हणाली की माझ्या मामाच्या पेण तालुक्यात गागोदे गाव आहे, तिथे विनोबा भावे जन्मले. गांधीजींनी युद्धाला विरोध करण्यासाठी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांनाच निवडले आणि १९४० साली ते तुरुंगात गेले. मग खरे कोण?

सगळे गप्प बसले. मलाही उत्तर येईना. गुरुजींनी लगेच उत्तर दिले नाही. घरी जाऊन विचार करा म्हणाले. मी विचार केला तो असा. लढाई व्हावी की होऊ नये, हे पळसगावच्या शेतकऱ्याच्या मुलाला कोणी विचारले नव्हते. त्याला भाकरी हवी होती आणि पलटणीची शिस्त पटली होती. आणि समोरचा हिटलर काही भला माणूस नव्हता. त्याने साऱ्या जगाला त्रास दिला होता. त्या दिवशी डोंगरावर घाडगे धावले ते इंग्लंडच्या राजासाठी धावले असतील असे मला वाटत नाही. शेजारी आपली माणसे पडलेली होती आणि मागून आपली माणसे येत होती, त्यांच्यासाठी ते धावले. भाई कोतवालही आपल्या माणसांसाठीच लढले आणि विनोबाही आपल्या माणसांसाठीच तुरुंगात गेले. तिघांच्या वाटा वेगळ्या, पण तिघांनीही स्वतःचा जीव वा सुख मागे ठेवले. एका जिल्ह्यात असे तिघे निघाले याचा आपण अभिमान बाळगावा. एकाचा मान केला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. गुरुजींनी हे वाचले आणि काही खोडले नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. टायबरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचे एक गाव आहे. तिथल्या लोकांनी जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभे केले. ते स्मारक म्हणजे सावलीचे घड्याळ आहे. आपण मैदानात काठी रोवून सावलीच्या खुणा केल्या होत्या ना, तसेच. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वचन त्यांनी त्यासाठी निवडले आहे. जवळजवळ ऐंशी वर्षांनी परक्या देशातल्या लोकांनी आपल्या पळसगावच्या मुलाची आठवण काढली. हे वाचल्यावर मला त्या मशिनगनजवळच्या चौघांचीही आठवण झाली. त्यांच्याही घरी कोणीतरी दारात वाट बघत असेल. लढाई ही चांगली गोष्ट नाही, हे मला सूर्याच्या घड्याळाने शिकवले.

आता आबांचे सांगते.

फलकाची यादी घेऊन मी घरी गेले आणि आबांना त्यांचे नाव दाखवले. मला वाटले ते खूश होतील. पण ते म्हणाले, माझं नाव काढा. मी का म्हणून विचारलं तर बोलेचनात. आजीने सांगितलं की १९७१ च्या लढाईत ते पलटणीत लांगरी होते. पलटणीत स्वयंपाक करणाऱ्याला लांगरी म्हणतात. त्यांनी बंदूक चालवली नाही, रोट्या लाटल्या. आपलं नाव वीरांच्या ओळीत लागलं तर लोक हसतील, असं त्यांना वाटत होतं. सत्काराच्या दिवशी खुर्चीवर बसायलाही ते तयार नव्हते. ती नऊ नावं वाचताना माझ्याच घरचं नाव गाळायचं, म्हणून मला रडू आलं.

मग एक दिवस संध्याकाळी मी ओटीवर बसून हा लेख मोठ्याने वाचत होते. आबा सुपारी कातरत ऐकत होते. तुकडीतले सगळे पडले, एकटे घाडगे उरले, एवढं मी वाचलं आणि आबांचा अडकित्ता थांबला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. लांगऱ्याला रोज सकाळी आकडा मिळतो, आज किती जणांचं जेवण. त्या हिशोबाने कणीक भिजवायची. लढाईच्या दिवसांत सकाळी आकडा मिळायचा, त्याप्रमाणे आबा रोट्या करायचे, आणि रात्री वाढताना रोट्या उरायच्या. किती उरल्या ते मोजलं की किती जण आले नाहीत ते कळायचं. कोण आलं नाही हे कोणी सांगायच्या आधी आबांना टोपलीतून कळायचं. एका रात्री इतक्या उरल्या की त्यांनी त्या मोजल्याच नाहीत. हे त्यांनी पन्नास वर्षांत आजीलाही सांगितलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी हे गुरुजींना सांगितले. गुरुजी संध्याकाळी आमच्या घरी आले आणि आबांजवळ ओटीवर बसले. ते आबांना म्हणाले की पदक मिळालेल्याचे नाव इतिहास लिहून ठेवतोच, पण घाडग्यांच्या बरोबर पडलेल्यांची नावे माणगावच्या किती जणांना सांगता येतील? त्यांनाही त्या दिवशी सकाळी कोणीतरी जेवू घातले असेल. आपल्या शाळेचा फलक शूर कोण हे ठरवायला नाही, आपल्या शाळेतून कोण कोण गेले होते हे विसरू नये म्हणून आहे. आबा काही बोलले नाहीत. पण गुरुजी निघाले तेव्हा त्यांनी एकच अट घातली. नावापुढे काम लिहा. खोटं मोठेपण नको.

म्हणून आज तुम्ही फलक पाहाल तेव्हा शेवटून तिसऱ्या नावापुढे लांगरी असा शब्द दिसेल. तो वाचून कोणी हसू नये, अशी माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे. रोह्याला धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस बंदुका घेऊन मानवंदना देतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या शाळेजवळ बंदुका नाहीत. आपण फक्त उभे राहून शांत राहू शकतो. नऊ नावे वाचली जातील तेव्हा तेवढे करू या.

मित्रांनो, आपल्यातला कोणी पुढे सैन्यात जाईल, कोणी पेणला गणपतीच्या कारखान्यात जाईल, कोणी शेती करील, कोणी मुंबईला जाईल. जिथे जाऊ तिथे आपल्या माणसांना मागे टाकून पळायचे नाही, एवढे जरी यशवंत घाडगे यांच्याकडून आपण शिकलो तरी पुष्कळ झाले. माणगावला गेलात तर त्यांच्या पुतळ्यापाशी थोडे थांबा.

अशा या पळसगावच्या वीराला, त्यांच्या बरोबर पडलेल्या सोबत्यांना आणि आपल्या शाळेच्या नऊ सैनिकांना माझे शतशः प्रणाम!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी